सात कळ्या, साठ पट झूम

संस्थेचं पत्र दोन ओळींचं होतं. छायाचित्रात फुलाचा मध्यभाग स्पष्ट नाही. महिनाअखेरपर्यंत नवीन छायाचित्र न आल्यास अर्ज रद्द समजावा. खाली सही नाही, नुसता शिक्का.

तिने पत्र वाचलं आणि बाल्कनीत जाऊन कळ्या मोजल्या. सात.

जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, संध्याकाळी छत्रीसारखं मिटतं, दुसऱ्या दिवशी गळून पडतं. म्हणजे तिच्या हातात सात सकाळी होत्या. त्यानंतर झाड दोन महिने विश्रांती घेणार होतं, आणि संस्था वर्षभर.

बावीस वर्षं ती एका रोपवाटिकेत कलमं बांधत होती. तिथे तिला सगळे कलमवालीच म्हणत. तिने बांधलेली कलमं मालकाची चिठ्ठी लावून विकली जात, आणि त्यात तिला वावगं वाटत नव्हतं. काम मालकाचं, वेळ मालकाचा, चिठ्ठी मालकाची. पण हे झाड तिचं होतं. तीन वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी घरच्या बाल्कनीत, घरच्या कुंडीतल्या फुलावर तिने रंगकामाच्या ब्रशने दुसऱ्या फुलाची पिवळी पूड लावली, देठाला दोरा बांधला, बोंड सुकायची वाट बघितली. एकवीस बिया निघाल्या. त्यातली नऊ रोपं जगली. आठांना आली ती असली नसली सारखीच फुलं. नवव्याला आलं ते राखेत जांभळा रंग कालवावा तसं, आणि मधे डाळिंबी डोळा. असलं फूल तिने बावीस वर्षांत बघितलं नव्हतं.

आनंदाच्या भरात तिने एक चूक केली. एक फांदी मालकाला दाखवायला नेली. मालकाने ती परत दिली नाही. "राहू दे इथे, लावून बघू," म्हणाला. "आणि नोंदणी वगैरे तुला कुठे झेपणार? पुढच्या वर्षी आपण रोपवाटिकेतर्फे करू की." नव्या फुलांची नोंद करणाऱ्या त्या संस्थेचा नियम सरळ होता, नोंद आधी ज्याची, फूल त्याचं. म्हणून तिने कुणाला न सांगता अर्ज टाकला होता. फोटो फोनवर काढला होता. फोन फुलाजवळ नेला की फूल धूसर यायचं आणि मागचे बाल्कनीचे गज मात्र लख्ख. संस्थेला गजांची नोंद करायची नव्हती.

रात्रीच्या जेवणात तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं. "मला एक छोटा कॅमेरा घ्यायचाय. फुलाच्या चार बोटं जवळ नेला तरी स्पष्ट दिसेल असा. बटणं कमी असलेला. बाजूला ठेवलेले पैसे आहेत माझे."

नवरा वीजमीटर तपासायच्या नोकरीतून निवृत्त झालेला. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरातले आकडे वाचलेला माणूस. त्याने घास खाली ठेवला. "कॅमेरा म्हणजे काय भाजी आहे का, की गेलो आणि घेतला? धाकट्याला विचारतो."

तिथेच घोटाळा झाला.

धाकटा म्हणजे तिचा दीर, भावजी. विमा कंपनीत नोकरी, आणि घरात तीन कॅमेरे. अंगात अकरा खिशांचं जाकीट, उन्हाळ्यातसुद्धा. एका खिशात काच पुसायचं फडकं असायचं, उरलेल्या दहांत काय असतं ते बायकोलाही माहीत नव्हतं. भावजी फोटो काढायचे ते चंद्राचे. दर पौर्णिमेला गच्चीवर तिवई लावून बसायचे. चौदाशे फोटो होते. चौदाशे फोटोंत चंद्र एकच होता, आणि तो सगळ्यांत सारखाच दिसत होता, पण नातेवाइकांत कुणाची ते म्हणायची छाती नव्हती. घरात एकदा एखाद्याला तज्ज्ञ ठरवलं की मग त्याला काही येतं का हे तपासायचं नसतं. तपासलं तर ठरवणाऱ्यांची अब्रू जाते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावजी आले, हात पुसत पुसत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वहिनी, बजेट सांगू नका. आधी गरज समजून घेऊ."

"गरज सांगते ना. हे फूल. याच्या मधे हा दांडा आहे, त्याच्या टोकाला पाच गोल टिकल्या आहेत. त्या पाचही मोजता आल्या पाहिजेत. खालची पूड दाणा दाणा दिसली पाहिजे."

"म्हणजे झूम."

"झूम म्हणजे लांबचं जवळ आणणं ना? माझं फूल लांब नाही."

भावजी हसले. तज्ज्ञ माणसं हसतात तसं, एका बाजूने. "वहिनी, साठ पट झूम असला ना, की चंद्रावरचे खड्डे मोजता येतात. आता तुमचं फूल काय चंद्रापेक्षा लांब आहे का?"

"नाही भावजी, जवळ आहे. तीच अडचण आहे."

नवरा म्हणाला, "अगं, तो सांगतोय ते ऐक तरी. चंद्र दिसतो म्हटल्यावर फूल दिसणार नाही?"

गाडी शंभर किलोमीटर पळते म्हटल्यावर स्वयंपाकघरातून बैठकीत आणायला काय हरकत आहे, असं विचारणाऱ्याला काय सांगायचं?

भावजींनी तक्ता करायला घेतला. उभ्या रकान्यात अकरा कॅमेरे, आडव्या रकान्यात सोळा गुण. मेगापिक्सेल, झूम, वजन, बॅटरी, पाण्यात पडला तर काय. फुलापासून किती जवळ नेता येतो, हा रकाना नव्हता. तिने विचारलं तर म्हणाले, "ते फार खोलात जाणं झालं."

तक्ता दोन दिवस चालला. पहिल्या दिवशी एक फूल उमललं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. तिने दोन्ही वेळा कामावर जाण्याआधी फुलासमोर उभं राहून नीट बघून घेतलं. आणखी काय करणार? तिसऱ्या दिवशी नवऱ्याने तिच्या पैशांतून, तिला न विचारता, भावजींचा कॅमेरा आणला.

खोका उघडला तेव्हा नवरासुद्धा दोन पावलं मागे सरकला. कॅमेरा दीड किलोच्या भोपळ्याएवढा होता, त्याला पुढे सोंड होती, आणि बटण दाबलं की सोंड आणखी हातभर बाहेर यायची. भावजींनी ती तीन वेळा आत-बाहेर करून दाखवली. प्रत्येक वेळी त्यांच्या चेहऱ्यावर तोच आनंद.

"छोटा म्हणाले होते मी," ती म्हणाली.

"छोट्यात झूम बसत नाही, वहिनी."

चौथ्या सकाळी तिसरं फूल उमललेलं. भावजींनी विम्याच्या ऑफिसातून अर्धा दिवस रजा घेतली होती. बाल्कनी चार फूट रुंद. झूम पूर्ण ताणला की कॅमेऱ्याला फुलापासून दोन मीटर तरी लांब जावं लागत होतं, नाहीतर स्क्रीनवर नुसता जांभळा धूर. भावजी मागे सरकत सरकत बाल्कनीतून बैठकीत गेले, बैठकीतून सोफ्यावर चढले.

"झूम मागे घ्या की," ती म्हणाली.

"झूम वापरायचा नाही तर घेतला कशाला?" नवरा म्हणाला.

शेवटी झूम मागे घेतला. तरी कॅमेरा हातभर लांब धरावा लागत होता, आणि सोंडेची सावली बरोबर डाळिंबी डोळ्यावर पडत होती. भावजींनी फ्लॅश मारला. फोटोत फूल पांढरंफटक आलं, एखाद्या चोरावर अचानक विजेरी पडावी तसं. तोपर्यंत साडेआठ झाले होते. तिला कामावर जायचं होतं. उंबऱ्यावरून ती म्हणाली, "काही करा, फक्त कुंडी हलवू नका. जास्वंदीला कळ्या असताना हलवलेलं चालत नाही."

"नाही हो वहिनी," भावजी म्हणाले.

ती गेल्यावर दोघांनी कुंडी उचलून गच्चीवर नेली. तिथे जागा होती, दोन मीटर काय, वीस मीटर लांब जाता येत होतं. भावजींनी पाण्याच्या टाकीजवळून फोटो काढले. चंद्रासाठी जी तिवई लावायचे तीच लावली. वाऱ्याने फूल हलत होतं, फोटोत ते तीन जागी आलं. दुपारच्या उन्हात कुंडी तापली, मग दोघांनी ती परत खाली आणली, आणि जिथे होती तिथेच, पण उलट्या तोंडाने ठेवली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. वाईट हेतूने एवढं नुकसान करता येत नाही. त्याला मदतच करावी लागते.

संध्याकाळी ती आली तेव्हा कुंडीभोवती फरशीवर तीन कळ्या पडल्या होत्या. हिरव्या, घट्ट, देठासकट.

झाडावर एक उरली होती. सगळ्यात खालची.

"कुंडी कुणी हलवली?"

नवरा टीव्हीकडे बघत म्हणाला, "जरा वर नेली होती. लगेच आणली खाली."

"मी काय सांगितलं होतं?"

"अगं, झाडाला काय कळतंय आपण गच्चीत आहोत की बाल्कनीत?"

तिने कळ्या उचलल्या. आवाज चढवला नाही. संसाराच्या तीस वर्षांत तिला एक गोष्ट कळली होती. आवाज चढवला की तिच्या घरात आवाजावर चर्चा व्हायची, कळ्यांवर नाही. ती म्हणाली, "खोका कुठाय? आणि पावती?"

"कशाला?"

"परत करते."

"धाकट्याला काय वाटेल?"

"भावजींना काय वाटेल ते भावजींना वाटू दे. झाडाला काय वाटलं ते खाली पडलंय."

दुसऱ्या दिवशी तिने कामावरून सुट्टी घेतली. बावीस वर्षांत आजारपण सोडून पहिली. दुकानाच्या बाहेर फरशीच्या फटीत एक पिवळं रानफूल उगवलं होतं, करंगळीच्या नखाएवढं. तिने ते मुळासकट उपटून ओल्या रुमालात घेतलं आणि आत जाऊन खोका काउंटरवर ठेवला.

दुकानदार तिच्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. "परत? अहो, हा आमचा सगळ्यात जास्त खपणारा कॅमेरा."

"खपत असेल. याच्या बदल्यात दुसरा द्या. हे फूल आहे. याच्या मधल्या पाकळ्या मला मोजता येतील तो कॅमेरा माझा."

दुकानदाराने रुमालातलं फूल बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. "कुणासाठी घेताय? मुलाला वगैरे?"

"मला."

"आधी कधी वापरलाय?"

"नाही."

"मग एकदा साहेबांना घेऊन या ना. त्यांनी बघितलेलं बरं."

"साहेब बघूनच हा घेऊन गेले," तिने खोक्यावर बोट ठेवलं. "आता मी बघते."

दुकानदार कामाला लागला. माणूस वाईट नव्हता. गिऱ्हाईक काय करणार आहे ते न विचारता गिऱ्हाइकाचा नवरा कुठे आहे ते विचारायची त्याला सवय होती, एवढंच. पहिला कॅमेरा सुबक, महागडा. चार बोटांवर नेला की फूल विरघळायचं. दुसऱ्यात फूल दिसायचं, पण भिंग एवढं पुढे की त्याची सावली पडायची, आणि स्क्रीन हलत नसल्यामुळे तिला मान वाकडी करून काउंटरखाली डोकं घालावं लागलं. तिसरा त्याने कपाटाच्या खालच्या फळीवरून काढला. काळा, चपटा, हाताच्या तळव्यात मावणारा. काचेवर धूळ.

"हा जुना आहे. कंपनीने बंद केलाय आता. मांडणीतला एकच उरलाय. नवशिक्या लोकांचा."

"मी नवशिकीच आहे."

"झूम फक्त चार पट."

"चालेल."

"हे बटण बघा. यावर फुलाचं चित्र आहे ना? हे दाबलं की जवळचं घेतो. आता अर्धं दाबा. पूर्ण नाही, अर्धं. चौकोन हिरवा झाला? म्हणजे त्याला दिसलं. आता पूर्ण दाबा."

तिने दाबलं. दुकानदाराने स्क्रीनवर फोटो मोठा करून दाखवला. नखाएवढ्या फुलात आणखी पंचवीस-तीस फुलं होती, आणि त्यांतल्या एकावर एक किडा बसला होता, जो तिला रस्त्यावर दिसला नव्हता.

तिने स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन किडा पुन्हा बघितला. मग म्हणाली, "बटणावर फुलाचं चित्रच आहे?"

"हो. सगळ्यांवर असतं जवळपास. कुठे मेनूत लपलेलं, कुठे बाहेर."

"मग आमच्या घरात गेला आठवडा काय चाललं होतं?"

दुकानदाराला हसू आलं. त्याने तिला आणखी दोन गोष्टी दाखवल्या. फ्लॅश बंद कसा करायचा, आणि बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो कसा घ्यायचा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. उरलेले पैसे परत दिले. तिने रानफूल त्याच्या काउंटरवरच्या पाण्याच्या ग्लासात ठेवलं आणि निघाली.

घरी नवऱ्याने छोटा काळा कॅमेरा बघितला. "हा? हा तर खेळण्यासारखा आहे." भावजींना फोन गेला. भावजी म्हणाले, "सेन्सर बघितला का वहिनींनी?" तिने सेन्सर बघितला नव्हता.

शेवटची कळी फुगायला पाच दिवस लागले. या पाच दिवसांत तिने मिठाच्या खड्यांचे, सुईच्या नेढ्याचे आणि नवऱ्याच्या चष्म्याच्या स्क्रूचे फोटो काढले. तारीख संपायला दोन दिवस असताना कळीला जांभळी टोकं दिसली.

त्या सकाळी भावजी सहालाच हजर. जाकीट, फडकं, सगळं. "वहिनी, मी फक्त मार्गदर्शन करणार. हात लावणार नाही."

नवरा म्हणाला, "मी फक्त कुंडी धरतो."

ती बाल्कनीत गेली, काचेचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली.

फूल सातला उलगडायला लागलं. पाकळ्या सपाट व्हायला आठ वाजले. ती कठड्याच्या बाजूला बसली, उजेड पाठीमागून, समोर फूल, त्याच्यामागे काचेचं दार. दाराच्या पलीकडे दोघं. ऊन सरळ यायला लागलं तेव्हा तिने कठड्याला पांढरी उशीची खोळ अडकवली, आणि उजेड दुधासारखा झाला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रोपवाटिकेत कोवळ्या कलमांवर ती असंच कापड टाकायची.

पहिले दहा फोटो बिघडले. कधी हिरवा चौकोन पाकळीवर जायचा, कधी पाकळी हलायची. मग तिला सुचलं. कलमाला डोळा भरताना काय करतो आपण? सालीत काप घेऊन दुसऱ्या झाडाचा डोळा आत सरकवताना? कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास अर्धा सोडायचा आणि थांबायचं. बावीस वर्षांत हजारो डोळे भरले. हात कापला की डोळा मेला. तिने कोपरं टेकवली, अर्धा श्वास सोडला आणि थांबली.

काचेपलीकडे भावजी दोन्ही हात वर करून काहीतरी सांगत होते. बहुधा झूम. काच जाड होती.

एकेचाळीस फोटो झाले. त्यातले सहा असे, की पाच टिकल्या वेगवेगळ्या, प्रत्येकीवर मखमलीसारखी लव, खाली पूड दाणा दाणा, आणि डाळिंबी डोळ्याच्या कडेला एक बारीक पिवळी रेघ, जी तीन वर्षं रोज बघून तिला दिसली नव्हती. तिने कडी काढली तेव्हा भावजी म्हणाले, "हं. कॅमेरा वाईट नाहीये तसा."

ईमेल नवऱ्याचा होता. नव्या फोटोसोबत अर्ज पुन्हा भरायचा होता. तो तिने भरला, झाडाचा जन्मदाता या रकान्यात स्वतःचं संपूर्ण नाव लिहिलं, फुलाचं नाव राखजांभळी दिलं, आणि पाठव म्हणून सांगून कामावर गेली. छायाचित्रकार हा रकाना तिने बघितलाच नाही. तो रिकामा राहिला तर अर्ज पुढे जात नव्हता. नवऱ्याने थोडा विचार केला आणि धाकट्या भावाचं नाव टाकलं. कॅमेरा परत गेल्यापासून धाकट्याला वाईट वाटत होतं.

दीड महिन्याने संस्थेची यादी आली. राखजांभळी बाराव्या पानावर. अख्खं पान. फोटोखाली ठळक अक्षरांत भावजींचं नाव. 'या वर्षीचं सर्वात स्पष्ट छायाचित्र' असा शेराही. झाड कुणी केलं ते शेवटच्या पानावर, बारीक टायपात, दोनशे नावांच्या रांगेत.

शेवटचं पान कोण बघतो? त्या दिवशी रोपवाटिकेत मालक यादी घेऊन तिच्या टेबलाशी आला. "काय गं, आडनावावरून ओळखलं. तुझा दीर एवढा जाणकार आहे ते बोलली नाहीस कधी. तू दाखवलेली फांदी त्यांच्याच झाडाची होती तर! फूल कसलं तयार केलंय माणसाने! त्यांना म्हणावं, एकदा भेटा. मोठ्या प्रमाणावर करायचं असेल तर आपण आहोत."

तिच्या हातात कलमाचा चाकू होता. तिने तो पुसून ठेवला.

संध्याकाळी घरी भावजी पेढे वाटल्यासारखे बसले होते. त्यांनी ते पान चार ठिकाणी पाठवलं होतं. "अभिनंदनाचे फोन थांबेनात वहिनी. मी सगळ्यांना सांगतो, श्रेय वहिनींचंही आहे. झाडाची निगा त्यांचीच."

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही नाव घातलंत?"

"रकाना रिकामा होता," नवरा म्हणाला. "आणि फोटोचंच नाव आहे ना? फूल तुझंच आहे. आपल्याला माहितीये की."

"आपल्याला माहीत असून चालणार असतं तर मी अर्ज कशाला केला असता?"

"आता घरातल्या घरात एवढ्यासाठी..."

"एवढ्यासाठीच."

तिने दोघांच्या समोर संस्थेला फोन लावला. पलीकडचा कारकून सभ्य होता आणि कंटाळलेला होता. दुरुस्ती करता येईल, पण छायाचित्र अर्जदारानेच काढल्याचा काही पुरावा हवा, म्हणाला. तिने विचारलं, कसला पुरावा? तो म्हणाला, मूळ फोटो पाठवा, सगळेच पाठवा, बघतो.

तिने एकेचाळीसही पाठवले. भावजी म्हणाले, "वहिनी, फोटोवर काय माणसाचं नाव असतं का?" आणि जाकीट घालून घरी गेले. नवरा तीन दिवस तिच्याशी मीटर तपासायला आलेल्या माणसासारखा बोलला, आकड्यांपुरता.

चौथ्या दिवशी कारकुनाचा फोन आला. आवाज या वेळी कंटाळलेला नव्हता.

"बाई, सतराव्या फोटोत फुलाच्या मागे काच आहे. काचेपलीकडे दोन माणसं आहेत. धूसर आहेत, पण एकाने बऱ्याच खिशांचं जाकीट घातलंय आणि दोन्ही हात वर केलेत. हे ते छायाचित्रकार का?"

"हो, तेच."

"म्हणजे फोटो काढला तेव्हा ते आत होते."

"हो. मी कडी लावली होती."

मग कारकून म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो. दोन्ही रकान्यांत तुमचं नाव. ठळक टायपात." मग त्याने विचारलं, "या दोघांची नावं कुठे टाकायची?"

नवरा समोरच बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. त्याने तिच्याकडे बघितलं.

"कुठेच नको," ती म्हणाली. "ते नुसते मागे आलेत."